वाशिष्ठीकाठचा भराव : चिपळूणच्या पूररेषांचं प्रकरण

२२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, ते आता सगळ्यांना पाठ आहे. बाजारपेठेतले तळमजले पाण्याखाली गेले, वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग खचून मुंबई-गोवा महामार्ग बंद झाला, कामथ्याच्या बाजूला कोकण रेल्वे थांबली. त्याआधी २६ जुलै २००५ला असंच झालं होतं. पाणी ओसरल्यावर जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा चर्चेत आल्या आणि शहर दोन गटांत विभागलं गेलं. आधी गाळ काढा, मग रेषा मारा, असं बाजारपेठ म्हणते. काठच्या शेतजमिनींचे मालक विचारतात, आम्हीच का अडकायचं. बांधकाम व्यावसायिकांचं म्हणणं, नियमात बसतं तेवढंच करतो. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणूनच हे प्रकरण सुटत नाही.

प्रश्न असा : नदीकाठच्या सखल भातशेतीवर आणि मळीवर (काठच्या गाळाच्या जमिनीवर) भराव टाकून मोठी संकुलं उभी राहू द्यायची का, आणि दिली तर कोणत्या अटींवर?

पाणी कुठून येतं

चिपळूणला तीन पाणी एकत्र येतात. पहिलं सह्याद्रीवरचं. घाटातून उतरणारं पाणी काही तासांत सपाटीला लागतं, कारण इथल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. शहरात शिवनदी वाशिष्ठीला मिळते. वाशिष्ठी फुगली की शिवनदीचं पाणी पुढे जायला जागा राहत नाही, ते मागे फिरतं आणि गटारांतून, मोऱ्यांतून वर येतं. नदीपासून लांब असलेल्या गल्लीतही आधी गटार उसळतं ते यामुळे. नदीकाठी भिंत बांधून हे पाणी थांबत नाही. भिंतीला मोरीपाशी झडपा नसतील तर ते भिंतीच्या आतच साठतं.

दुसरं कोयनेचं अवजल. मुळात पूर्वेला कृष्णेकडे जाणारं कोयनेचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला आणून त्यावर वीज होते. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मुभा दिली. वीजप्रकल्पाचे पोफळीचे पहिले दोन टप्पे आणि चौथा टप्पा आपलं पाणी कोळकेवाडी धरणात सोडतात. तिथून तिसऱ्या टप्प्याच्या जनित्रांवर पडून ते वाशिष्ठीत येतं. तिसरा टप्पा ३२० मेगावॅटचा, पाण्याची उंची सुमारे ११० मीटर. कार्यक्षमता नव्वद टक्के धरली तर सगळी जनित्रं पूर्ण भाराने चालताना सेकंदाला साधारण ३३० घनमीटर पाणी नदीत येतं, म्हणजे साडेअकरा हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफुटांच्या) वर. उन्हाळ्यात वाशिष्ठी वाहती राहते आणि लोट्याच्या औद्योगिक वसाहतीला पाणी मिळतं ते याच अवजलामुळे. पावसाळ्यात तेच पाणी शहराच्या डोक्यावर बसतं.

तिसरं पाणी खाडीचं. दाभोळच्या खाडीतून भरती गोवळकोटपर्यंत चढते. तिथीच्या पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा हिशेब इथेही लागू पडतो. फक्त खाडीच्या तोंडाशी भरती झाल्यावर वर पाणी पोचायला आणखी वेळ लागतो. २२ जुलैला आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, पौर्णिमा दोन दिवसांवर. म्हणजे उधाणाचे दिवस. १३ची पाऊणपट पावणेदहा : सकाळी दहाच्या आसपास दाभोळला भरती, आणि पहाटेपासून चढत आलेलं डोंगराचं पाणी उतरायचं त्याच तासांत खाडीचं दार अर्धं बंद. हाच पाऊस अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पडला असता तर पाणी आलंच असतं, पण भरतीने इतकं अडलं नसतं.

निळी रेषा, लाल रेषा

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जलसंपदा विभागाची ही पद्धत १९८९च्या परिपत्रकापासूनची. "२५ वर्षांतून एकदा" याचा अर्थ एकदा आला की पुढची २४ वर्षं निर्धास्त, असा अजिबात नाही. दरवर्षी चार टक्के शक्यता, एवढाच अर्थ. ३० वर्षांचं गृहकर्ज घेणाऱ्याने हिशेब करावा : त्या मुदतीत निळ्या रेषेपर्यंत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता सत्तर टक्के निघते.

बांधकामाचे नियम २०२०च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा : उद्यान, मैदान असे मोकळे वापर चालतात, नवी इमारत नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा : इथे बांधता येतं, मात्र लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. निळ्याच्या आतल्या जुन्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकासही त्याच उंचीच्या अटीवर होतो. आणि ज्या कलमावर चर्चा फारशी होत नाही, ते असं : एकाच भूखंडाचा काही भाग निळ्या रेषेच्या आत आणि बाकी बाहेर असेल, तर आतल्या भागाचा चटईक्षेत्र निर्देशांक (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) बाहेरच्या भागावर वापरता येतो. काठच्या जमिनीला भाव का येतो, याचं अर्धं उत्तर या कलमात आहे. पाण्यात जाणारी जमीन बांधता येत नसली तरी कागदावर ती मजले देते.

या नियमांमध्ये एक मोठी फट आहे. ते इमारतीचं जोतं किती उंच हे बघतात. जोत्याखाली काय आहे, ते बघत नाहीत. ०.४५ मीटरची अट खांबांवर इमारत उचलूनही पूर्ण होते आणि सगळा भूखंड मातीने भरूनही. खांबांखालून पाणी जातं. भरावातून जात नाही. दोन्हींना परवानगी सारखीच, आणि भराव बहुतेक वेळा स्वस्त.

भरावाचा हिशेब

दहा एकर, म्हणजे साधारण चार हेक्टर जमीन तीन मीटर उचलायची तर १,२०,००० घनमीटर भराव लागतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. सव्वाबेचाळीस हजारांहून जास्त ब्रास झाले. पाच ब्रासच्या डंपरने साडेआठ हजार खेपा. ही दाबून बसवलेली माती. सुटी माती वीस-पंचवीस टक्के जास्त आणावी लागते, तेव्हा खेपा दहा हजारांच्या पुढे. एवढी माती येते कुठून? जवळचा डोंगर कापून. म्हणजे एकीकडे उतार उघडा पडतो, पहिल्या पावसात लाल गाळ पऱ्यात (ओढ्यात) आणि पऱ्यातून नदीत, आणि दुसरीकडे नदीची पसरायची जागा जाते. परवानगीच्या कागदांत गौण खनिजाची रॉयल्टी एका फाइलमध्ये, बांधकाम दुसऱ्या फाइलमध्ये, त्यामुळे या दोन गोष्टी कोणी एकत्र वाचत नाही.

साठवणीपेक्षाही वहनाची गोष्ट गंभीर आहे. समजा पुरात नदी ४०० मीटर रुंद वाहते : मधला १२० मीटरचा मुख्य प्रवाह ७ मीटर खोल, आणि बाजूची २८० मीटर सपाटी, तिथे पाणी अडीच मीटर. उतार अडीच हजारास एक. पात्राचा खडबडीतपणा ०.०३५, शेता-झाडांच्या सपाटीचा ०.०६. खोली, उतार आणि खडबडीतपणावरून प्रवाह काढणाऱ्या मॅनिंगच्या सूत्राने मुख्य प्रवाहातून सेकंदाला साधारण १,७५० घनमीटर आणि सपाटीवरून ४३० घनमीटर वाहतात. हा छेद हिशेबापुरता घेतलेला आहे, चिपळूणची मोजणी नव्हे. पण इथल्या काठांचा नमुना असाच असतो.

आता रस्त्याच्या बाजूने ४० मीटर रुंदीची एक पट्टी काठाला समांतर, लांबवर भरली. तेवढंच पाणी उरलेल्या जागेतून न्यायचं तर पातळी सुमारे ९ सेंटीमीटर चढते. सल्लागाराच्या अहवालात याला नगण्य म्हणतात, आणि एकट्या पट्टीपुरतं ते खरंच आहे. अर्धी सपाटी भरली की चढ ३८ सेंटीमीटर, सव्वा फूट. सातही पट्ट्या भरल्या की जवळपास एक मीटर. सात नव्वे त्रेसष्ट असं गणित इथे चालत नाही, कारण प्रत्येक नवी पट्टी आधीच चढलेल्या पाण्यात भरली जाते. प्रत्येक प्रस्ताव वेगळा आला, प्रत्येकाने आपापला अहवाल जोडला, सगळे अहवाल बरोबर निघाले, आणि तरी बाजारपेठेत मीटरभर पाणी जास्त आलं, असं होऊ शकतं.

याच छेदात कोयनेचे ३३० घनमीटर वजा करून पाहिले तर पातळी जवळपास अर्ध्या मीटरने उतरते. अतिवृष्टी आणि उधाण जुळून येतं तेव्हा वीजनिर्मिती थांबवा, ही शहराची मागणी त्यामुळे अगदी रास्त आहे. पण अर्धी सपाटी भरल्याने त्यातला बराचसा फायदा गिळला जातो, आणि त्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. जनित्र बंद करायला एक आदेश पुरतो. दहा हजार खेपा माती परत कोणी उचलत नाही.

गाळ

२०२१च्या डिसेंबरात गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण झालं आणि पुढे वाशिष्ठी आणि शिवनदीत यंत्रं उतरली. काम हवंच होतं. पात्रात बेटं वाढली होती, त्यांवर झाडी माजली होती, आणि झाडीचं बेट नुसत्या गाळापेक्षा पाणी जास्त अडवतं. शिवनदीसारख्या अरुंद प्रवाहात तर एक मीटर खोदाईचा फरक लगेच दिसतो.

तरीही गाळ काढला की रेषा मागे सरकेल ही अपेक्षा तपासून घ्यावी. नेहमीच्या, काठ जेमतेम ओलांडणाऱ्या पुराला गाळ काढण्याचा फायदा सर्वांत जास्त. मोठ्या पुरात पाण्याचा काही वाटा सपाटीवरूनही जातो, तिथे पात्र खोल केल्याचा फरक कमी पडतो. भरतीच्या टप्प्यात ओहोटीच्या पातळीखाली खणलेला खड्डा खाडीच्या पाण्यानेच भरलेला असतो. पुराला त्यातून वाढीव छेद काहीसा मिळतो, पण पाण्याला उतार मिळत नाही, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथेच आधी गाळ बसतो. म्हणून पात्राचे आडवे छेद दर २०० मीटरवर, दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजायला हवेत. पोकलेनचे तास मोजून काही कळत नाही.

काढलेला गाळ कुठे जातो, हे तर दरवेळी विचारावं. लांब नेला तर डिझेल परवडत नाही, म्हणून तो काठालाच ढीग लावून ठेवतात, किंवा ज्याला हवा त्याच्या जमिनीत पडतो. हवा कोणाला असतो? ज्याची जमीन सखल आहे त्याला. म्हणजे सार्वजनिक पैशाने पात्रातून निघालेला गाळ पूररेषेच्या आतल्या खासगी भरावात गेला, तर एका हाताने दिलेली जागा दुसऱ्या हाताने काढून घेतली. काठावरचा ढीग तर पहिल्या मोठ्या पावसात स्वतःच पात्रात परततो. गाळाच्या निविदेत टाकायच्या जागेचा गट नंबर आणि ती जागा लाल रेषेच्या बाहेर असल्याचा दाखला असलाच पाहिजे.

बाजारपेठेचा राग

जुन्या पेठेतल्या दुकानदाराची अडचण बाहेरून दिसते त्यापेक्षा खरी आहे. घर पणजोबांच्या वेळचं, लाकडी. तळमजल्यावर दुकान, वर बिऱ्हाड. पाडून नवं बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या दीड फूट वर. रस्त्यापासून लाल पातळी समजा दोन मीटर वर असेल तर दुकान अडीच मीटर उंचीवर जातं. किराणा घ्यायला गिऱ्हाईक पंधरा पायऱ्या चढेल का? हमाल पोती वर नेईल, पण मजुरी वाढवून. बरं, बँक पूररेषेतली मालमत्ता तारण घेताना कां-कू करते. मग व्यापारी काय करतो? जुनं घर डागडुजी करत तसंच ठेवतो आणि धंदा महामार्गाकडच्या नव्या संकुलात हलवतो. ते संकुल भरावावर उभं असतं. नियम ज्या बाजारपेठेला वाचवायला निघाला, तिचा धंदा सपाटी भरणाऱ्याकडे ढकलतो, आणि मागे राहिलेली पेठ आणखी खोल बुडते. दुकानदार पूररेषेवर चिडतो, भरावावर नाही. खरं तर चिडायचं तर भरावावर.

पेठेला निराळी सवलत देता येण्यासारखी आहे : तळमजला पाणी सोसणारा. काँक्रीटच्या किंवा जांभ्याच्या भिंती, आत लाकडी कपाटं नाहीत, विजेचं मीटर आणि इन्व्हर्टर पहिल्या मजल्यावर, माल वर चढवायला पोटमाळा आणि रहाट, दोन्ही बाजूंना पाणी आत-बाहेर करणारी दारं. कागदावर ही अजून अपवादाची वाट आहे, नियमात तिला स्पष्ट जागा हवी.

हरकत घेताना

मोठा प्रस्ताव आला की "पर्यावरणाचा ऱ्हास होईल" असं मोघम पत्र देऊन उपयोग नसतो. अधिकारी ते नोंदवून बाजूला ठेवतो. पुढचे कागद लागतात.

जमिनीचा सातबारा, झोन दाखला आणि भाग नकाशा. जमीन हरित पट्ट्यातून निवासी करायची असेल तर प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ३७खाली फेरबदलाची सूचना निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. लोकांचं लक्ष जातं ते डंपर सुरू झाल्यावर, तेव्हा तो महिना कधीच उलटलेला असतो.

पूररेषेचा नकाशा मागताना नुसती रेषा मागू नका, प्रत्येक छेदाची समुद्रसपाटीपासूनची पातळी मागा. १:५०००च्या नकाशावर एक मिलिमीटर जाड रेघ म्हणजे जमिनीवर पाच मीटर. रेघेच्या कोणत्या कडेला मोजायचं यावर आख्खी इमारत आत किंवा बाहेर होते. पातळी हातात असली की ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन जागेवर तपासता येतं.

पातळी तपासताना हमखास होणारा घोळ : आराखड्यात वास्तुविशारद पुष्कळदा रस्त्याला १०० धरून स्थानिक पातळ्या लावतो, पूररेषा समुद्रसपाटीपासून असते, आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यातलं शून्य सरासरी समुद्रसपाटीच्या मीटरभराहून जास्त खाली असतं. तीन कागद, तीन शून्यं. सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कशी (उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेशी) जोडणी दाखवल्याशिवाय "जोतं लाल रेषेच्या वर" हे वाक्य स्वीकारू नये.

२००५ आणि २०२१च्या पाण्याच्या खुणा भिंतींवर अजून सापडतात. रंग मारला की गेल्या. खिळा ठोकून, फोटो काढून, त्याची पातळी काढून नगरपरिषदेकडे नोंदवावी. अशा खुणा काठाने पुरेशा मिळाल्या तर गणिताने आखलेली रेषा बरोबर की चूक हे ताडता येतं; ज्यांना रेषा खोटी वाटते त्यांनाही याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर २००६च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. प्रस्ताव १९,०००वर थांबलेला दिसला तर शेजारच्या गटात दुसऱ्या नावाने दुसरा टप्पा आहे का, ते सातबाऱ्यावर बघावं. खाडीच्या टप्प्यात सीआरझेडही (किनारा नियमन क्षेत्र) येतो : २०१९च्या अधिसूचनेत खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते. भरतीचा प्रभाव कुठपर्यंत धरायचा ते ऐन उन्हाळ्यात मोजलेल्या हजारात पाच भाग क्षारतेवरून ठरतं. वाशिष्ठीत उन्हाळाभर कोयनेचं गोडं पाणी येत असल्याने ही हद्द खाली सरकते. भरती वर चढते, नियम मात्र खालीच थांबतो.

आणि अटी. नुसता नकार मागितला की प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षं पडून राहतं. अटी मागितल्या तर त्या परवानगीत लिहाव्या लागतात, किंवा का नाही लिहिल्या ते सांगावं लागतं. मागण्यासारख्या अटी अशा : लाल रेषेच्या आत जेवढे घनमीटर भराव, तेवढीच खोदाई त्याच पट्ट्यात आणि त्याच पातळीला. उंच टेकाड कापून ही भरपाई दाखवता येत नाही, कारण पाणी तिथे पोचतच नाही. इमारत खांबांवर, खालचा मजला कायम मोकळा. कुंपणाला भिंत नाही, जाळी. ती प्रवाहाला आडवी असेल तर जोरात पाणी आल्यावर पडेल अशी. प्रस्तावाचा परिणाम एकट्याचा न मोजता त्या काठावरच्या सगळ्या मंजूर आणि प्रलंबित प्रस्तावांसह मोजावा. जुना पऱ्या पाइपात घालायचा असेल तर पाइपाचा छेद पऱ्याच्या पुरातल्या छेदाएवढा, आणि तोंडाला जाळी. जाळी नसेल तर पहिल्याच पुरात ओंडका अडकून मोरी बंद होते.

यातली सर्वांत लवकर मोडणारी अट मोकळ्या तळमजल्याची. भोगवटा प्रमाणपत्र घेताना खांब मोकळे असतात. वर्षभरात दोन खांबांमध्ये वॉचमनची खोली येते, मग पाण्याची टाकी, मग सोसायटीचं कार्यालय, मग शटर लावून दोन गाळे भाड्याने. पाणी जाण्याचे दहा गाळे चारवर येतात. नगरपरिषदेने दरवर्षी मे महिन्यात, नालेसफाईबरोबरच, पूररेषेतल्या इमारतींचे तळमजले बघून त्यांची यादी फलकावर लावली, तर निदान कोणता गाळा बंद झाला हे शेजाऱ्याला समजेल. तक्रार तोच करतो, कारण पाणी त्याच्याकडे वळतं.